सर्टिफिकेट आहे, पण गाडी चालवता येते का?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण ज्यांच्या घरातला पोरगा कंपनीत कामाला लागायच्या तयारीत आहे त्यांनी नक्की वाचा. यात माझी स्वतःची एक चूक आहे. तीही सांगणार आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या पुरवणीत आमच्या पेपरला एका ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची अर्ध्या पानाची जाहिरात मिळाली. जाहिरात मीच आणली होती. तालुक्याच्या पत्रकाराचं घर मानधनावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. जाहिरात देणाऱ्याची एक अट असते. 'साहेब, सोबत एक बातमी पण लावा.' मी लावली. मथळा मीच दिला : 'दोन दिवसांत व्हा फोर्कलिफ्ट ऑपरेटर, ग्रामीण तरुणांसाठी सुवर्णसंधी.' खाली चार परिच्छेद. आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्रमाणपत्र, शंभर टक्के नोकरी, अनुभवी प्रशिक्षक.

मी त्या इन्स्टिट्यूटमध्ये गेलो नव्हतो. तिथे फोर्कलिफ्ट आहे की नाही, हेही बघितलं नव्हतं. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर मी नीट मराठीत करून पुढे ढकलला. वीस मिनिटांचं काम.

फेब्रुवारीत शिरूरच्या एसटी स्टँडजवळ चहाला उभा होतो. एक पोरगा आला. तेवीस-चोवीस वर्षांचा. लातूरकडचा, कारेगावात रूम घेऊन राहणारा. रांजणगाव एमआयडीसीत कामाला आलेली मराठवाडा-विदर्भाची अशी हजारो पोरं आपल्याकडे आहेत. त्याच्या हातात प्लॅस्टिकचा फोल्डर होता. त्यातून त्याने दोन कागद काढले. एक सर्टिफिकेट, आणि दुसरं माझ्या बातमीचं कात्रण.

"सर, ही बातमी तुम्हीच लिहिली ना?"

मला वाटलं आभार मानायला आलाय. पत्रकाराला अशी सवय असते.

तो म्हणाला, "सर, तुमची बातमी वाचून गेलो होतो."

पुढचं त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. साडेसहा हजार भरले, त्यातले चार हजार मामाकडून उसने. पहिल्या दिवशी दोन तास प्रोजेक्टरवर व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी एका गोडाऊनच्या मागे नेलं, तिथं एक जुनी डिझेल फोर्कलिफ्ट. तेवीस पोरं, गाडी एक. प्रत्येकाला दहा मिनिटं. सरळ पुढं न्यायची, सरळ मागं आणायची, फोर्क वर-खाली करायचे. संध्याकाळी फोटो काढून लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट हातात. लेखी परीक्षेचा कागदही भरलेला होता. उत्तरं त्यांनीच सांगितली होती.

त्या सर्टिफिकेटवर एका ठेकेदाराने त्याला एका कंपनीच्या गोडाऊनला लावलं. हेल्परला मिळतो त्यापेक्षा पगार थोडा जास्त. तिसऱ्या आठवड्यात, रात्रपाळीला, तो ट्रकजवळून भरलेलं पॅलेट उचलून वळत होता. नजर पुढे, पॅलेटवर. माल पडू नये म्हणून. मागे एक हेल्पर पेट्यांना स्टिकर लावत होता. गाडीचा पुढचा भाग जागेवर फिरला आणि मागचा भाग बाहेर झपकन आला. हेल्परचा पाय मागच्या चाकाखाली गेला.

दोन बोटं काढावी लागली.

पोरगा म्हणाला, "सर, मी त्याच्या बाजूला वळलोच नव्हतो. मी तर उलट्या बाजूला वळत होतो. तरी गाडी त्याच्यावर कशी गेली, हेच मला अजून समजंना."

मलाही समजलं नाही. आणि मी त्या विषयावर बातमी लिहिली होती.

त्या आठवड्यात मी चार ठिकाणी गेलो. इन्स्टिट्यूटचा मालक म्हणाला, "साहेब, आम्ही ट्रेनिंग देतो. पुढे कंपनीत काय होतं त्याला आम्ही काय करणार?" ठेकेदार म्हणाला, "सर्टिफिकेट होतं म्हणून तर ठेवला." कंपनीच्या अधिकाऱ्याने गेटवरच सांगितलं, "तो आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे, आणि त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं." म्हणजे तिघांच्याही बचावाला तोच एक कागद. ज्या कागदाने पोराला काही शिकवलं नाही, त्याच कागदाने बाकी सगळ्यांना सोडवलं.

चौथा तो हेल्पर. वाशीमकडचा. खोलीवर पाय उशीवर ठेवून पडला होता. मला वाटलं तो त्या पोराला शिव्या देईल. तो म्हणाला, "त्याचं काय चुकलं? आणि मला तरी कुठं माहीत होतं, की हिचं मागचं चाक फिरतं म्हणून?"

बातमी पाठवली. डेस्कवरून फोन आला, पोलिसात तक्रार आहे का? नव्हती. आतल्या पानावर चार ओळी लागल्या. माझ्या दसऱ्याच्या बातमीला चार परिच्छेद होते.

हे डोक्यातून जाईना. मे महिन्यात मी ठरवलं की हे आपण स्वतः शिकायचं. माझं वय चव्वेचाळीस. पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, मोटारसायकल आणि कार चालवता येते, यापलीकडे यंत्राशी संबंध नाही. बायको म्हणाली, "अहो, या वयात गोडाऊनला जाणार आहात का?" म्हटलं, नाही, पण ज्यावर लिहिलं ते एकदा बघून येतो. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला एक जुनं ट्रेनिंग सेंटर आहे, कंपन्या आपली माणसं तिथं पाठवतात. तिथं पाच दिवसांच्या बॅचला पैसे भरून बसलो. आम्ही आठ जण. गाड्या दोन, एक डिझेलची, एक बॅटरीची. शिकवणारे सर साठीचे. आयुष्यभर कंपनीत फोर्कलिफ्ट चालवून रिटायर झालेले.

पहिला अख्खा दिवस त्यांनी कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. एक पोरगा कंटाळून म्हणाला, "सर, चालवायला कधी देणार?" सर म्हणाले, "चालवायला काय लागतंय? दहा मिनिटांत येते. न मारता चालवायला वेळ लागतो."

मग त्यांनी विचारलं, "बैलगाडी कुणाच्या घरी होती?" आमच्यातल्या तिघांनी हात वर केले. "गाडी उलाळ झाली म्हणजे काय होतं?" मी म्हटलं, मागं वजन जास्त झालं की जू वर उचलतं. "बरोबर. आता फोर्कलिफ्ट म्हणजे उलटी बैलगाडी समजा. वजन पुढं उचलायचं, आणि ते उचलल्यावर गाडी पुढं पडू नये म्हणून मागं लोखंडाचं ओझं बसवलेलं. त्याला काउंटरवेट म्हणतात. पुढची चाकं म्हणजे तराजूचा काटा. पुढच्या पारड्यात जास्त टाकलं की मागचं पारडं उचललं."

तीन टन उचलणारी गाडी स्वतः रिकामी चार टनांच्या वर भरते. म्हणजे चार लहान कार एकावर एक ठेवल्यासारखं वजन, आणि लांबी-रुंदी एका कारपेक्षा कमी. रिकामी आहे म्हणून हलकी आहे असं समजणारा माणूस तिच्या आजूबाजूला निवांत उभा राहतो. रांजणगावचा हेल्पर असाच उभा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीवरची प्लेट. प्रत्येक फोर्कलिफ्टवर एक पत्र्याची प्लेट असते. त्यावर नुसतं 'तीन टन' लिहिलेलं नसतं. तीन हजार किलो, पण फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० मिलिमीटर अंतरावर, असं लिहिलेलं असतं. वजनाचा मध्य तिथपर्यंतच असला पाहिजे. पेटी लांब असली, मध्य पुढं सरकला, की तीच गाडी तीन टन उचलू शकत नाही. उंच उचललं की अजून कमी. आमच्या बॅचमधला एक जण चार वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होता. त्याने ती प्लेट आयुष्यात पहिल्यांदा वाचली. म्हणाला, "मला वाटायचं गाडीचा नंबर असेल."

तिसरी गोष्ट, ज्यासाठी मी गेलो होतो. कारची पुढची चाकं वळतात. फोर्कलिफ्टची मागची वळतात. त्यामुळे तुम्ही डावीकडे वळलात की गाडीची शेपूट उजवीकडे बाहेर फेकली जाते. कार चालवणाऱ्याला हे अंगात नसतं. उलट ज्याला कार चांगली येते तोच इथं जास्त चुकतो, कारण त्याची नजर फक्त पुढं असते. पोरगा हेल्परच्या उलट्या बाजूला वळत होता, म्हणूनच शेपूट हेल्परवर गेली. फेब्रुवारीत चहाच्या टपरीवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मे महिन्यात मिळालं.

बाकी नियमांची यादी मोठी आहे, थोडक्यात लिहितो. माल घेऊन चालताना फोर्क जमिनीपासून वीतभरच वर, मास्ट थोडा मागे झुकवलेला. पुढचं दिसत नाही इतका माल उंच असेल तर गाडी रिव्हर्समध्ये चालवायची. उतारावर माल कायम चढाच्या बाजूला, म्हणजे भरलेली गाडी उतरताना उलटी उतरवायची. रिकामी असेल तर नेमकं उलट. कोपऱ्यावर हॉर्न. फोर्कवर माणूस उभा करून वर न्यायचा नाही, बल्ब बदलायचा असला तरी नाही. उचललेल्या फोर्कखालून कुणी जायचं नाही. उतरताना फोर्क जमिनीला टेकवायचे, न्यूट्रल, हँडब्रेक, चावी खिशात. बॅटरीच्या गाडीचं चार्जिंग चालू असताना हायड्रोजन वायू निघतो, तिथं विडी-सिगारेट नाही. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी टायर, ब्रेक, हॉर्न, साखळी, हायड्रॉलिक तेलाची गळती बघून वहीत सही.

आणि एक, जे ऐकून सगळे गप्प झाले. गाडी उलटायला लागली तर उडी मारायची नाही. आपल्याला वाटतं उडी मारून वाचू. उडी मारणारा माणूस नेमका गाडी पडते त्या बाजूला पडतो आणि वरची लोखंडी चौकट त्याच्यावर येते. बेल्ट लावलेला ठेवायचा, स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, आणि पडण्याच्या उलट्या बाजूला झुकायचं. सरांनी विचारलं, "बेल्ट कोण लावतं?" चार वर्षं चालवणाऱ्याने मान खाली घातली. तो बेल्ट सीटखाली गाठ मारून ठेवायचा, मध्ये मध्ये येतो म्हणून.

पाचव्या दिवशी परीक्षा. पॅलेट उचलायचं, निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममधून आठच्या आकड्यासारखं वळत जायचं, रॅकच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवायचं, परत काढायचं, आणायचं, पार्क करायचं. ड्रम म्हणजे माणूस असं समजायचं.

मी सावकाश चालवली. पॅलेट व्यवस्थित ठेवलं, व्यवस्थित काढलं. मनात म्हटलं, जमलं. शेवटच्या वळणावर नजर पुढच्या पॅलेटवर होती. मागून धप्पकन आवाज आला. ड्रम आडवा.

सरांनी हात वर करून गाडी थांबवायला लावली. आले, ड्रम उभा केला आणि म्हणाले, "पत्रकार, हा उभा करून ठेवला. नापास. उद्या परत या."

पाच दिवस शिकून, शेपटीबद्दल सगळं माहीत असून, मुद्दाम त्यासाठीच येऊन मी नापास झालो. ज्याला दहा मिनिटं मिळाली होती त्याच्याकडून मग काय अपेक्षा ठेवायची? दुसऱ्या दिवशी परत दोन तास सराव केला आणि परीक्षा दिली. पास झालो. कार्ड मिळालं. कार्डावर खाली लिहिलंय की अमुक क्षमतेच्या काउंटरबॅलन्स गाडीचं प्रशिक्षण पूर्ण. सर म्हणाले, "यावर जाऊन उद्या कुठलीही गाडी चालवायची नाही. ज्या कंपनीत जाल तिथली गाडी, तिथली जागा, तिथला माल वेगळा. त्यांनी तिथं परत बघून, लेखी परवानगी दिल्यावर हात लावायचा. रीच ट्रक तर अजूनच वेगळा."

हे सरांचं म्हणणं. मी पत्रकार, म्हणून कागदही तपासले.

त्या पोराच्या सर्टिफिकेटवर मोठ्या अक्षरात 'ओशा अप्रूव्हड' लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या अनेक जाहिरातींत हा शब्द असतो. ओशा ही अमेरिकेच्या कामगार खात्याची संस्था. १९७० च्या तिथल्या कायद्याने तयार झाली. फोर्कलिफ्टबद्दल तिचा नियम आहे आणि तो कुणालाही वाचता येतो. त्यात तीन गोष्टी लागतात : वर्गातलं शिक्षण, प्रत्यक्ष गाडीवरचं शिक्षण, आणि कामाच्या जागी तो कसा चालवतो याची तपासणी. ही तपासणी किमान तीन वर्षांतून एकदा परत. अपघात झाला, थोडक्यात वाचला, किंवा गाडी बदलली, तर परत ट्रेनिंग. आणि महत्त्वाचं म्हणजे, ऑपरेटर तयार आहे असं प्रमाणित कोण करतं? ओशा नाही. मालक. ज्याच्याकडे तो काम करतो तो. म्हणजे जिच्या नावाने आपल्याकडे सर्टिफिकेट विकलं जातं, ती संस्था अमेरिकेतल्या ऑपरेटरलासुद्धा स्वतः सर्टिफिकेट देत नाही. दोन दिवसांत लॅमिनेशन करून देणाऱ्याला तिने मान्यता दिली, हे शक्यच नाही.

काही जण विचारतील, आरटीओचं लायसन्स पुरत नाही का? मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटार वाहन' कशाला म्हणायचं ते दिलंय, आणि फक्त कारखान्यात किंवा बंद आवारात वापरायच्या खास प्रकारच्या वाहनाला त्या व्याख्येतून वगळलंय. कंपन्या साधं लायसन्स मागतात, मागावं, पण कारचं लायसन्स असलेला माणूस फोर्कलिफ्ट चालवू शकतो असा त्याचा अर्थ नाही. माझ्याकडे कारचं लायसन्स बावीस वर्षं आहे. ड्रम तरीही पडला.

मग आपल्याकडे जबाबदारी कुणाची? १९४८ च्या कारखाने कायद्यात, भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली मोठी दुरुस्ती झाली. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी लागणारी माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं हे कारखाना चालवणाऱ्याचं कर्तव्य, असं कलम ७-अ मध्ये आलं. कलम १११-अ मध्ये कामगाराचा हक्क आला, की त्याला कारखान्यातच प्रशिक्षण मिळावं, किंवा मालकाने मान्यताप्राप्त केंद्रात पाठवावं. २०२० साली संसदेने केलेल्या नव्या संहितेतही प्रशिक्षणाचं कर्तव्य मालकावरच आहे. म्हणजे शिकवणं हे कंपनीचं काम आहे. आपली पोरं मामाकडून उसने घेऊन स्वतःच्या खिशातून जे विकत घेतात, ते खरं तर त्यांना कंपनीने द्यायचं असतं. हे मला मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कितीजणांना माहीत होतं?

सगळे इन्स्टिट्यूट वाईट नाहीत. मी शिकलो ते केंद्र चांगलं होतं. चांगलं शिकवणाऱ्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. पण पैसे भरायच्या आधी पोरांनो, एवढं विचारा :

बॅचमध्ये किती जण, गाड्या किती? प्रत्येकाला गाडीवर किती तास मिळणार, मिनिटं नाही, तास?

शिकवणाऱ्याने स्वतः कंपनीत किती वर्षं गाडी चालवली आहे?

परीक्षेत कुणी नापास होतं का? शेवटचा कधी झाला? जिथं कुणीच नापास होत नाही तिथं परीक्षाच होत नाही.

सर्टिफिकेटवर कुठल्या प्रकारच्या, किती टनांच्या गाडीचं प्रशिक्षण ते लिहिणार का? नुसतं 'फोर्कलिफ्ट ऑपरेटर' असेल तर त्याला अर्थ नाही.

'मान्यता' म्हणजे कुणाची? नाव विचारा, मग त्या संस्थेकडे स्वतः चौकशी करा. सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहेत, त्यांची खात्री करता येते.

आणि नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी सुपरवायझरला सांगा, 'साहेब, आधी ही गाडी मला दाखवा.' लाज वाटू देऊ नका. ज्याला लाज वाटते तो रात्रपाळीला एकटा शिकतो, आणि त्याच्या शिकण्याची किंमत मागे उभा असलेला माणूस देतो.

हेल्परांसाठी एकच. ऑपरेटरच्या डोळ्याला डोळा भिडल्याशिवाय गाडीच्या जवळून जायचं नाही. आणि मागे तर उभंच राहायचं नाही.

जूनमध्ये मी त्या लातूरच्या पोराला फोन करून बोलावलं. त्याच टपरीवर. तो आता दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला आहे. फोर्कलिफ्टला हात लावत नाही. ते सर्टिफिकेट फोल्डरमध्येच आहे, म्हणाला, फेकवत नाही, साडेसहा हजारांचं आहे. मी त्याला टेबलावर काडेपेटी फिरवून दाखवली. पुढचा भाग इकडे वळला की मागचा तिकडे कसा जातो ते. त्याने काडेपेटी हातात घेतली, दोन-तीनदा स्वतः फिरवून बघितली.

मग म्हणाला, "एवढंच होतं का सर? हे तर त्या दहा मिनिटांत पण सांगून झालं असतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही कशाला सर?" पण त्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे कशाला.

आता परत दसरा जवळ आलाय. मागच्या आठवड्यात त्याच इन्स्टिट्यूटचा फोन आला. यंदा पाऊण पान देतो म्हणाले, नवीन शाखा काढलीय, सोबत बातमी लावा. मी म्हटलं, बातमी हवी असेल तर बॅचला एक दिवस बसू द्या, जे बघेन ते लिहीन. ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. सांगणार नाहीत. जाहिरात कदाचित थेट ऑफिसमधून जाईल, ते माझ्या हातात नाही. कमिशन गेलं, ते घरी सांगितलंय. पण बातमी माझ्या नावाने जाणार नाही, आणि गेल्या वर्षीची बातमी चुकीची होती, न बघता लिहिलेली होती, हे मी इथं माझ्या नावाने लिहून ठेवतो. पेपरात खुलासा छापून येण्याची शक्यता कमी आहे. म्हणून इथं.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मी एक अर्ज दिलाय, की तालुक्यातल्या गोडाऊनमध्ये ठेकेदाराचे फोर्कलिफ्ट ऑपरेटर कुणी तपासून घेतलेत, याची पाहणी व्हावी. काय उत्तर येतं ते कळवीन. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. दरवर्षी कंपन्यांमध्ये शपथ घेतानाचे फोटो माझ्याकडे छापायला येतात. पुढच्या मार्चला फोटोसोबत मी एक प्रश्न विचारणार आहे, की तुमच्याकडे फोर्कलिफ्ट किती, आणि लेखी परवानगी असलेले ऑपरेटर किती? दोन्ही आकडे द्या, मग फोटो छापू.

तुमच्याकडे असे दोन दिवसांचे सर्टिफिकेट असेल तर कमेंटमध्ये नाव न लिहिता फक्त एवढं सांगा, गाडीवर किती मिनिटं मिळाली होती. आणि ही पोस्ट कारेगाव, ढोकसांगवी, रांजणगावच्या रूमवरच्या पोरांच्या ग्रुपवर टाका. शेअर करायला मला विचारू नका.